कळा कोणी मोजल्या?

दलित साहित्याची चर्चा सुरू झाली की 'वेदना' हा शब्द पहिल्यांदा उच्चारला जातो. वेदना, विद्रोह आणि नकार ही त्रयी आता अभ्यासक्रमातही आली आहे. मी ती दरवर्षी वर्गात शिकवते. शिकवताना एक गोष्ट मात्र सतत खटकते. या वेदनेत गावकुसाबाहेरची भूक आली, पाणवठ्यावरचा अपमान आला, शाळेच्या दाराबाहेर बसवलेले मूल आले. पण ज्या वेदनेतून आपण प्रत्येकजण या जगात आलो, ती आईच्या बाळंतपणाची शारीरिक वेदना या हिशेबात क्वचितच धरली गेली. ती निसर्गाची म्हणून सोडून दिली गेली. एखादी गोष्ट निसर्गाची ठरली की तिला इतिहास उरत नाही, आणि इतिहास नसला की तिच्याबद्दल कोणाला जाब विचारता येत नाही.

या वेदनेला इतिहास आहे, असे माझे म्हणणे आहे. कळा सगळ्याच बायकांना येतात. त्या कळांवर उतारा कोणाला द्यायचा आणि कोणाला 'सोस' म्हणून सांगायचे, हे मात्र माणसांनी ठरवले आहे. अमरावती-अकोल्याच्या, म्हणजे आपल्या वऱ्हाडाच्या अंगाने त्याचा माग काढण्याचा येथे प्रयत्न आहे.

एक

बाळंतपणाच्या कळा औषधाने कमी करण्याचा आधुनिक इतिहास १८४७ साली सुरू होतो. त्या वर्षीच्या जानेवारीत स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे डॉ. जेम्स यंग सिम्पसन यांनी अडलेल्या एका बाईला ईथर हुंगवले. नोव्हेंबरमध्ये त्यांनी क्लोरोफॉर्म वापरायला सुरुवात केली. लगेच वाद उठला. डॉक्टरांना धोक्याची भीती होती आणि ती रास्त होती. पण काही धर्माभिमान्यांचाही आक्षेप होता. बायबलमधील पहिल्या स्त्रीला देवाने शाप दिला की तू दुःखातच प्रसवशील. मग डॉक्टरने तो शाप पुसायचा कसा? पूर्वजन्मीचे पाप म्हणून या जन्मी सोसायला सांगणारा धर्म ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल. सिम्पसन यांनी शास्त्राधारानेच त्याला उत्तर दिले. तरी लोकांच्या मनावर खरा परिणाम झाला तो दुसऱ्याच एका घटनेचा. ७ एप्रिल १८५३ रोजी व्हिक्टोरिया राणीच्या आठव्या बाळंतपणात डॉ. जॉन स्नो यांनी तिला क्लोरोफॉर्म दिले. राणीने जे घेतले ते पाप कसे ठरणार?

त्याच १८५३ सालच्या मे महिन्यात निजामाने तह करून वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले. लंडनच्या राजवाड्यात राणीची कळ शांत झाली आणि पुढच्याच महिन्यात आपल्या मुलखावर इंग्रजांचा कारभार आला. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नव्हता. पण येथून पुढचा हिशेब मांडायला तारीख सोयीची आहे.

कारण आणखी दोनच वर्षांनी, १८५५ साली, 'ज्ञानोदया'त एक निबंध छापून आला. तो जोतीराव फुल्यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने लिहिला होता. मांग-महारांच्या दुःखांचा पाढा वाचताना ही कोवळ्या वयाची मुलगी बाळंतपणावर येऊन थांबते. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर धड छप्परही नसते, थंडीवाऱ्यात त्यांचे काय हाल होत असतील, बाळंतरोग झाला तर वैद्याला आणि औषधाला पैसा कुठून आणायचा, असा तिचा सवाल आहे. राणीच्या क्लोरोफॉर्मबद्दल तिला ठाऊक असण्याचे कारण नाही. पण प्रश्न तोच होता: औषध आहे, वैद्य आहे, मग ते आमच्या बाईच्या बाजेपर्यंत का येत नाही? मराठीत हा प्रश्न छापून येऊन १७० वर्षे उलटली.

दोन

वैद्य येत नव्हता, तेव्हा कोण येत होते? सुईण येत होती. १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या, मध्यप्रांतातील जातीजमातींवरील रसेल आणि हिरालाल यांच्या ग्रंथात मांग जातीची ओळखच अशी दिली आहे की पुरुष वाजंत्री वाजवतात, बैल खच्ची करतात आणि बायका सुईणपण करतात. बाळंतपणाचे रक्त, वार आणि नाळ हे सारे विटाळाचे. म्हणून ते काम अस्पृश्य बाईच्या वाट्याचे. वर्णव्यवस्थेने दुसऱ्याची वेदना हाताळण्याचे कामही जातीवर वाटून दिले होते.

माझी आजी मूर्तिजापूर तालुक्यातील एका गावात सुईण होती. वाड्यावरून बोलावणे आले की ती रात्री-अपरात्री निघायची. एरवी ज्या उंबऱ्याबाहेर तिला उभे राहावे लागे, त्या घराच्या आतल्या खोलीत त्या रात्री तिला थेट प्रवेश असे. ती बाळंतिणीची कंबर चोळी, पाठीला शेक देई, तिला धरून उभी करी, चालवी, आणि सारखे बोलत राही: "भेऊ नोको माय, मी आहो ना अठी." सोयर फिटले की तोच उंबरा पुन्हा बंद. मोबदला पायलीभर ज्वारी आणि जुने लुगडे. मुलगी झाली तर त्यातही काटछाट. आजी म्हणायची, "हात लावल्याबिगर कळ कशी समजन?"

या हाताचे गोडवे गाण्याचा मोह आवरला पाहिजे. सुईणीला जंतूंचे ज्ञान नव्हते, मूल आडवे आले किंवा रक्तस्राव थांबेना तर तिच्याजवळ उपाय नव्हता. बेबी कांबळे यांनी 'जिणं आमचं'मध्ये महारवाड्यातील बाळंतपणे लिहिली आहेत. कोवळ्या पोरी, अजाण हातांनी केलेल्या जखमा, पोटात अन्न नाही, रक्त टिपायला धड चिंधी नाही. ते वाचल्यावर जुन्या काळाबद्दल हळवे होता येत नाही. ज्या वऱ्हाडाचा कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांना गेला, त्या वऱ्हाडातील वेचणाऱ्या बायांची स्थिती याहून बरी असण्याचे कारण नव्हते. तेव्हा सुईणीचा हात पुरेसा नव्हता, हे खरेच. परंतु तो हात निदान बाईच्या पाठीवर होता.

डॉक्टरचा हात कुठे होता, याचे उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींच्या टिपणांत नोंदवलेल्या एका हकिकतीत मिळते. ती १९२९ साली 'यंग इंडिया'त छापून आली होती. काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची बायको बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. मिनतवारी करून, फीची हमी देऊन तो आला. पण त्याने रोग्याला स्पर्श केला नाही. थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हाती दिले, त्याने ते नवऱ्याच्या हाती, नवऱ्याने बायकोला. आणि त्याच वाटेने ते परत आले. ती बाई वाचली नाही. डॉक्टरीचे ज्ञान आणि बाळंतिणीचे शरीर यांच्यामध्ये तेव्हा दोन माणसांचे अंतर होते.

तीन

आता दवाखान्यांकडे वळू. अमरावतीचे जिल्हा स्त्री रुग्णालय आजही लोकांच्या तोंडी 'डफरीन' आहे आणि अकोल्याचे 'लेडी हार्डिंग'. दोन्ही नावे व्हाइसरॉयांच्या बायकांची. यांपैकी लेडी डफरीन यांचा निधी १८८५ साली स्थापन झाला. हिंदुस्थानातील स्त्रियांना स्त्री डॉक्टरांकडून उपचार मिळावेत हा त्याचा जाहीर हेतू, आणि त्यामागे खुद्द व्हिक्टोरिया राणीची प्रेरणा होती. क्लोरोफॉर्म घेणाऱ्या राणीच्या प्रेरणेने निघालेल्या निधीचे नाव अमरावतीच्या दारावर लागले, असा हा वळसा आहे.

या निधीमुळे स्त्रियांसाठी दवाखाने झाले, स्त्री डॉक्टर आणि परिचारिका शिकल्या, हे त्याचे श्रेय नाकारता येत नाही. पण त्याच्या डोळ्यांपुढची स्त्री मुख्यतः पडद्यातली होती. परपुरुष डॉक्टरसमोर येऊ न शकणारी स्त्री ही प्रतिष्ठित घरांतली स्त्री. वावरात निंदायला जाणाऱ्या बाईला पडदा परवडत नव्हता, म्हणून तिचा प्रश्न निराळा होता. तिला मजुरी बुडवून दवाखान्यापर्यंत जाता येत नव्हते आणि गेल्यावर शिवले जाईल याची खात्री नव्हती. १९०३ साली लेडी कर्झन यांनी व्हिक्टोरियाच्या स्मरणार्थ दायांच्या प्रशिक्षणासाठी निधी काढला. हेतू चांगलाच होता. तरी त्या काळच्या लिखाणात बाळ-बाळंतिणींच्या मृत्यूंचे खापर वारंवार 'घाणेरड्या, अडाणी' दाईवर फोडलेले दिसते. तिला हे काम कोणी लावले, साबण आणि स्वच्छ कापड घेण्याइतके पैसे कोणी दिले, असे विचारले जात नव्हते.

याच काळात क्लोरोफॉर्म आपल्या अगदी उंबऱ्याशी आले होते. १८८८ आणि १८८९ साली हैदराबादेत निजामाच्या खर्चाने दोन क्लोरोफॉर्म कमिशने बसली. वऱ्हाड तेव्हा कागदोपत्री निजामाचेच होते. डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने शेकडो जनावरांवर प्रयोग झाले. दुसऱ्या कमिशनचा निष्कर्ष असा होता की क्लोरोफॉर्मने श्वास आधी थांबतो, हृदय नंतर. पुढे तो चुकीचा ठरला. तरी जगभर त्याची चर्चा झाली. हैदराबादेतच शिकलेल्या रूपाबाई फरदुनजी जगातील पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांपैकी एक मानल्या जातात. म्हणजे हिंदुस्थानात ज्ञान नव्हते, किंवा बायकांना भूल देणे शिकवता येत नव्हते, असे म्हणायला जागा नाही. ज्ञान होते, ते कोणासाठी वापरायचे, हे ठरलेले होते.

चार

असे का ठरले, याचा शोध घेताना अमेरिकेकडे पाहावे लागते. १९७२ साली दलित पँथरने काळ्या पँथरांचे नाव उगाच घेतले नव्हते. आधुनिक स्त्रीरोगशास्त्राचा जनक म्हणून ज्याचा गौरव झाला तो डॉ. मॅरियन सिम्स १८४५ ते १८४९ या काळात अलाबामातील माँटगोमेरी येथे काळ्या गुलाम स्त्रियांवर शस्त्रक्रिया करून पाहत होता. अनार्का, बेट्सी आणि लूसी ही त्यांतली तीन नावे इतिहासाला ठाऊक आहेत. दीर्घकाळ अडलेल्या बाळंतपणाने त्यांच्या मूत्राशयाला छिद्रे पडली होती. एकट्या अनार्कावर सुमारे तीस वेळा शस्त्रक्रिया झाली आणि तीही भूल न देता. ईथर १८४६ पासून माहीत होते. काळ्या बाईला वेदना कमी होतात, हा त्या समाजाचा समज होता. न्यूयॉर्कमधील सिम्सचा पुतळा २०१८ साली हलवण्यात आला. समज अजून हललेला नाही. २०१६ साली व्हर्जिनियात झालेल्या एका अभ्यासात वैद्यकाच्या निम्म्या गोऱ्या विद्यार्थ्यांना व निवासी डॉक्टरांना काळ्यांच्या शरीराविषयीची किमान एक तरी अशी खोटी समजूत खरी वाटत होती.

आपल्याकडे हाच समज कौतुकाच्या वेषात येतो. 'या बाया काटक, वावरातच बाळंत होतात, नाळ कापतात आणि पुन्हा निंदायला बसतात.' १९३० च्या दशकात इंग्लंडच्या ग्रँटली डिक-रीड यांनी मांडले की बाळंतपणाची वेदना बरीचशी भीतीतून येते आणि 'आदिम' स्त्रियांना ती फारशी होत नाही. भीतीविषयीचे त्यांचे निरीक्षण उपयोगाचे होते. 'आदिम' स्त्रीविषयीचे कल्पित होते. मेळघाटातील कोरकू बाईला किंवा दर्यापूरच्या शेतमजूर बाईला कळा कमी येत नाहीत. ती ओरडत नाही, कारण ओरडून कोणी येत नाही हे तिला अनुभवाने कळलेले असते. आणि हा समज केवळ सवर्णांचा आहे, असे म्हणून आपली सुटका होत नाही. आमच्याच घरांतले पुरुष, शिकलेलेसुद्धा, आपल्या आईच्या सोसण्याचा अभिमान सांगतात. त्या अभिमानाने आईच्या वाट्याला उतारा कधी आला नाही.

मी स्वतः नोकरीनिमित्त वऱ्हाडाबाहेर राहत असताना एका सरकारी दवाखान्यात बाळंत झाले. एका परिचारिकेकडे पाच बाया होत्या; तिचा दोष मी मानत नाही. सोबत आलेल्या आईला दाराबाहेर थांबवले. रात्रभर एकच वाक्य ऐकू येत होते: "ओरडायचं नाही." मूल झाल्यावर टाके घालताना जागा बधिर करणारे इंजेक्शन दिले, पण ते चढायची वाट कोणी पाहिली नाही. पहाटे केसपेपरवर माझा व्यवसाय वाचला गेला आणि मी एकदम 'मॅडम' झाले. शेजारच्या खाटेवरची, माझ्याच वयाची मजूर बाई शेवटपर्यंत 'ए बाई'च राहिली. माझी पदवी त्या रात्री मला अर्धीच उपयोगी पडली, तिच्याजवळ तीही नव्हती.

पाच

गेल्या दोन दशकांत एक मोठा बदल झाला. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली, २०११ साली सरकारी दवाखान्यातील प्रसूती मोफत झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ साली देशात दवाखान्यात होणारी बाळंतपणे ३८.७ टक्के होती. २०१९-२१ साली ती ८८.६ टक्के झाली. महाराष्ट्रात तेव्हा हे प्रमाण ९४.७ टक्के होते. यामुळे बायका आणि मुले वाचली. हे यश लहान नाही आणि त्यात आशा कार्यकर्तीचा वाटा मोठा आहे.

पण बाईला दवाखान्यात आणताना सुईणीचा हात बाहेर राहिला आणि त्याच्या जागी दुसरा उतारा आला नाही. देशातील सरकारी दवाखान्यांत बहुसंख्य स्त्रिया आजही वेदनाशमनावाचूनच बाळंत होतात. दुसऱ्या टोकाला पैसेवाल्यांची वाट आहे. याच पाहणीत खासगी दवाखान्यांतील ४७.४ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली, सरकारीत १४.३ टक्के. त्यामागे नफ्यासह अनेक कारणे आहेत. पण कळांची भीती हेही एक कारण आहे, आणि साध्या उताऱ्याने जी भीती गेली असती तिच्यासाठी पोट फाडले जाते.

हा उतारा महागच असतो, हा गैरसमज आहे. कमी साधनांच्या दवाखान्यात काय शक्य आहे, ते क्रमाने पाहू.

पहिला उतारा म्हणजे सोबत. १९८० साली ग्वाटेमालातील एका गर्दीच्या सरकारी दवाखान्यात असे दिसले की बाळंतिणीजवळ एक धीर देणारी बाई सतत बसली तर कळांचा काळ घटतो आणि अडचणीही कमी होतात. पुढे अनेक देशांतील अभ्यासांनी याला दुजोरा दिला. भारत सरकारने २०१६ साली सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीच्या सोबतिणीला परवानगी दिली. चालू देणे, उभे राहू देणे, पाठ चोळणे, शेक देणे हे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींत आहे. माझ्या आजीला ते त्याआधी माहीत होते.

दुसरा, लिग्नोकेन. टाके घालण्यापूर्वी जागा बधिर करणारे हे स्वस्त औषध १९४० च्या दशकापासून आहे. ते देणे आणि चढायला काही मिनिटे थांबणे, एवढेच लागते.

तिसरा, पेथिडिनसारखी इंजेक्शने. यांनी वेदना पूर्ण जात नाही, बोथट होते. मळमळ होते, झापड येते, आणि जन्माच्या फार जवळ दिली तर बाळाचा श्वास मंदावू शकतो. म्हणून वेळ पाळावी लागते व बाळाला श्वास देण्याची तयारी ठेवावी लागते. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने अशा औषधांभोवती परवान्यांचे कुंपण घातले. २०१४ च्या दुरुस्तीने ते काहीसे सैल केले.

चौथा, नायट्रस ऑक्साइड आणि प्राणवायू यांचे समप्रमाण मिश्रण. बाई स्वतःच्या हाताने मुखवटा धरून कळ येताना ते ओढते. मुखवटा काढला की काही मिनिटांत असर उतरतो. येथे इंग्लंडचा दाखला महत्त्वाचा आहे. १९३० च्या दशकात लिव्हरपूलच्या डॉ. मिनिट यांनी हवा आणि नायट्रस ऑक्साइड देणारे यंत्र काढले, आणि गरीब स्त्रियांनाही वेदनाशमन मिळावे अशी चळवळ झाली. १९३६ साली प्रशिक्षित सुईणींना डॉक्टरवाचून ते यंत्र वापरण्याची परवानगी मिळाली. जे राणीला १८५३ साली मिळाले, ते मजूर बाईपर्यंत सुईणीच्या हाताने पोचले.

पाचवा, पाठीच्या कण्यात द्यायचे एपिड्युरल. सर्वांत परिणामकारक हेच. पण त्याला भूलतज्ज्ञ हवा, रक्तदाबावर लक्ष हवे आणि जोर काढण्याचा काळ थोडा लांबू शकतो. हे प्राथमिक आरोग्य केंद्रात होणार नाही. जिल्ह्याच्या स्त्री रुग्णालयात मात्र सिझेरियनसाठी भूलतज्ज्ञ लागतोच. त्यांची संख्या वाढवणे हा अंदाजपत्रकाचा प्रश्न आहे.

सहा

१९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूतिलाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी सांगितले की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि त्याचा भार बऱ्याच अंशी सरकारने उचलला पाहिजे. आईच्या शरीराचा प्रश्न त्यांनी दयेच्या खात्यातून काढून हक्काच्या खात्यात टाकला. वेदनेच्या बाबतीत तेच व्हायला हवे.

२०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रसूतिकक्षातील नोंदीचा नवा तक्ता काढला. जुन्या पार्टोग्राफमध्ये बाळाचे ठोके होते, पिशवीच्या तोंडाची उघड होती. बाईला सोबत आहे का, वेदनेवर काही दिले का, याला स्वतंत्र जागा नव्हती. नव्या तक्त्यात हे रकाने आहेत. रकाना लहान आहे. पण जे लिहिले जाते त्याबद्दल विचारता येते. २०१८ पासून केंद्र सरकारने शिकलेल्या परिचारिकांतून मिडवाइफ तयार करण्याचे धोरण घेतले आहे. त्यांच्या हाती गॅस आणि इंजेक्शन देण्याचे काम सोपवता येईल.

म्हणून कार्यकर्त्यांना आणि विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की निवेदनांत शिष्यवृत्ती आणि वसतिगृहांबरोबर हीही मागणी लिहा. वऱ्हाडातील प्रत्येक प्रसूतिकक्षात सोबतीण आत असावी. टाक्यांआधी औषध द्यावे आणि ते चढू द्यावे. प्रशिक्षित परिचारिकेच्या हाती गॅस व इंजेक्शन असावे. स्त्री रुग्णालयांत मागेल त्या बाईला एपिड्युरल मिळावे. आणि वेदनेचा रकाना रोज भरला जावा, जातीच्या व पैशाच्या ओळखीवाचून. आपापल्या तालुक्यात जाऊन हा रकाना भरला जातो का, एवढे आधी पाहून या. मुक्ता साळवेने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तेथे लिहिलेले असेल, किंवा कोरे असेल.